थारच्या सस्पेन्शनचे भाग पावडर कोटिंगला देण्यापूर्वी काय काय काढून घ्यावे?

प्रश्न : खारी हवा, रत्नागिरी

नमस्कार. माझ्याकडे २०१३ सालची महिंद्रा थार सीआरडीई आहे, म्हणजे पुढे टॉर्शन बारवरचे (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा) स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे कमानपाटे असलेली. घर समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर आहे आणि पावसाळ्याचे चार महिने गाडीखालची माती वाळतच नाही, त्यामुळे खालच्या आर्मच्या वेल्डिंगजवळ गंजाचे पापुद्रे सुटू लागले आहेत आणि शॅकलच्या (पाट्याचे टोक गाडीला जोडणारा दुवा) पट्ट्यांच्या कडा हाताला खरखरीत लागतात. ब्रशने रंग दोनदा मारून पाहिला, पण दोन्ही वेळा तो पुढच्या पावसाळ्यात सुटला. म्हणून या दिवाळीनंतर गाडी स्टँडवर चढवून सगळे भाग उतरवावेत आणि पावडर कोटिंग (कोरडी रंगपूड चिकटवून भट्टीत वितळवलेला थर) करून घ्यावे असे ठरवले आहे.

मला धास्ती आहे ती मागच्या अनुभवाची. दोन वर्षांपूर्वी मी मागचे दोन्ही शॉकअप एका जॉबवर्क करणाऱ्याकडे जसेच्या तसे दिले. त्यांनी काही विचारले नाही आणि मलाही काही सांगायचे सुचले नाही. परत आले तेव्हा काळा रंग अतिशय सुरेख दिसत होता, पण खालच्या डोळ्यातल्या बुशची (सांध्यातली रबरी गादी) आतली लोखंडी नळी नुसत्या बोटाने गरगर फिरत होती आणि रबराच्या कडेला डांबरासारखा चिकट थर आला होता, जो नखाला लागत होता. एका शॉकअपच्या दांड्याभोवती तेलाचे कडे जमले होते आणि दांडा आत ढकलला तर काहीच विरोध जाणवत नव्हता. दोन्ही शॉकअप फेकून द्यावे लागले.

आता दुसरे एक जॉबवर्क करणारे म्हणतात की भट्टी १५० अंशांवर ठेवू, म्हणजे बुश काढायची गरज नाही आणि प्रेसची मजुरी वाचेल. हे खरे आहे का? माझ्या यादीत वरचे व खालचे आर्म, टॉर्शन बार, स्टॅबिलायझर बार, मागचे पाटे, शॅकल आणि नवे शॉकअप आहेत. यांपैकी भट्टीत काय जाऊ शकते, काय मुळीच जाऊ नये, आणि जे जाऊ नये त्याचे गंजापासून रक्षण कसे करावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : भट्टीवाला, शिरोली

नमस्कार. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझे पावडर कोटिंगचे काम आहे आणि ट्रॅक्टर-ट्रेलरचे सुटे भाग आम्ही रोज हाताळतो. आधी त्या १५० अंशांच्या सल्ल्याविषयी लिहितो, कारण तो पाळलात तर रबरही जाईल आणि कोटिंगही.

बाजारात नेहमी मिळणारी पॉलिस्टर पावडर १८० ते २०० अंश सेल्सिअसला क्युअर होते, म्हणजे पक्की कडक होते. पुडक्यावर ‘२०० अंश, १० मिनिटे’ असे लिहिलेले असते तेव्हा ते तापमान भट्टीचे नसून धातूचे असते, आणि ही १० मिनिटे धातू तितका तापल्यानंतर मोजायची असतात. पातळ पत्रा लवकर तापतो, पण तुमच्या खालच्या आर्मसारखा जाड भाग भट्टीचा काटा २०० दाखवत असतानाही बराच वेळ मागे राहतो. हीच पावडर १५० वर ठेवली तर ती वितळून गुळगुळीत होते, चमकते, पण आतून कच्ची राहते. एमईके नावाच्या द्रावकात भिजवलेला कापूस अशा कोटिंगवर घासला की त्याची चमक जाते आणि रंग कापसाला लागतो. रस्त्यावरचा पहिला खडा लागताच असे कोटिंग टवका होऊन उडते आणि त्याखाली खारे पाणी शिरते. कमी तापमानात क्युअर होणाऱ्या पावडरी मिळतात हे खरे आहे, पण त्याही १४०-१६० अंश मागतात आणि बुशमधले नैसर्गिक रबर शंभरी ओलांडली की टिकत नाही. रबर आणि लोखंडी नळी यांना जोडणारा चिकटथर सुटला की बुश बाहेरून धड दिसला तरी निकामी झालेला असतो. तुमची नळी बोटाने फिरत होती ती त्यामुळेच.

त्यामुळे नियम असा धरावा की भट्टीत फक्त नागडे लोखंड जाईल. सगळे बुश हायड्रॉलिक प्रेसवर काढावेत. ते जाळून काढण्याची पद्धत अजूनही चालते, पण त्यात धूर भयंकर होतो, आर्मचा तेवढाच भाग बेहिशेबी तापतो आणि भोकाच्या आत काजळी व रबराचा अंश राहतो. बंप स्टॉप, ग्रीस निपल, बेअरिंग, ऑइल सील, पाट्यांच्या टोकांमध्ये असलेल्या प्लास्टिकच्या चकत्या, हे सारे काढून ठेवावे. बॉल जॉइंटला (आर्म आणि चाक यांच्यामधला गोळीचा सांधा) लोक लोखंडी वस्तू समजून तसाच ठेवतात. मात्र त्याच्या आतली वाटी बहुतेक वेळा अॅसिटल प्लास्टिकची असते, जे १६५ ते १७५ अंशांदरम्यान वितळते, आणि वर रबरी बूट व आत ग्रीस असते. तो जॉइंट बोल्टने बसवलेला असेल तर काढणे सोपे आहे. रिव्हेट असतील तर डोकी ड्रिलने काढून, नव्या जॉइंटसोबत त्याच्या उत्पादकाने दिलेले योग्य ग्रेडचे बोल्ट लावता येतात. जॉइंट आर्ममध्ये दाबून बसवलेला असेल आणि सुटा मिळत नसेल, तर तो आर्म माझ्याकडे आणूच नये.

शॉकअपबाबत कोणतीही तडजोड नको, आणि ही गोष्ट जिवावर बेतणारी आहे. त्यातले तेल खोलीच्या तापमानापासून २०० अंशांपर्यंत जाताना साधारण १० ते १२ टक्के फुगते. वायूभरल्या शॉकअपमध्ये तो वायूही तापतो आणि वर तेल त्याची जागा खाते, त्यामुळे दाब काही पटींनी वाढतो. नायट्राइल रबराचे सील १०० ते १२० अंशांपलीकडे टिकत नाही. तुमच्या बाबतीत सील सुटले आणि तेल बाहेर आले, हा चांगला शेवट म्हणावा लागेल, कारण बंद भट्टीत नळकांडे फुटले असते तर दार उघडणाऱ्या कामगाराचे काय झाले असते याचा विचारही करवत नाही.

आता पूर्वतयारी. आर्म आणि शॅकल यांच्यासाठी डिग्रीसिंग (तेलकटपणा काढणे), मग ग्रिट ब्लास्टिंग (कणांचा जोरदार मारा करून गंज काढणे) आणि मग झिंक फॉस्फेटचा थर असा क्रम मला योग्य वाटतो. ब्लास्टिंगला नदीची वाळू वापरणाऱ्याकडे जाऊ नका, त्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस होतो. गार्नेट किंवा अॅल्युमिनियम ऑक्साइड वापरणारा शोधा. ब्लास्टिंग झाल्यावर आणि पावडर मारण्याआधी प्रत्येक वेल्ड डाय पेनिट्रंटने (चिरेत शिरून ती उघड करणारा रंग) तपासून घ्यावी, कारण पावडरचा जाड थर केसाएवढी चीर सहज झाकतो आणि नंतर ती कुणालाच दिसत नाही. पेटीसारख्या बंद आर्ममध्ये जुने ग्रीस आणि पाणी साठलेले असते. तो आर्म रिकामाच एकदा क्युअरच्या तापमानाच्या किंचित वर भाजून घेतला की ते बाहेर येते, नाहीतर पावडर पिघळत असतानाच तेलाचा ओघळ येतो आणि सगळे काम वाया जाते. ब्लास्ट केलेला भाग रात्रभर ठेवू नये. दमट हवेत काही तासांतच त्यावर तांबूस झाक येते.

खाऱ्या हवेसाठी एकच थर मी सुचवणार नाही. खाली एपॉक्सी प्रायमर पावडर अर्धवट क्युअर करून त्यावर पॉलिस्टर, आणि मग दोन्ही मिळून पूर्ण क्युअर, अशी एकूण जाडी १२० ते १५० मायक्रॉन भरते. नुसती एपॉक्सी गंजाला उत्तम, पण उन्हात तिची पांढरी भुकटी होते. आधी ग्राइंडरने धारदार कडा गोल करून घ्याव्यात, कारण वितळलेली पावडर धारेवरून मागे सरकते आणि गंज नेहमी तिथूनच सुरू होतो. यू आकाराच्या आर्मच्या आतल्या कोपऱ्यात विजेच्या भारामुळे पावडर नीट शिरत नाही. आम्ही तिथे गनचे व्होल्टेज कमी करून आधी कोपरे भरतो आणि बाहेरची बाजू शेवटी घेतो. काम देताना हे सांगून ठेवावे.

बुशची भोके, बॉल जॉइंटची बैठक, आटे आणि दुसऱ्या भागाला घट्ट टेकणारे पृष्ठभाग झाकलेच पाहिजेत. त्यासाठी सिलिकॉनची बुचे आणि भट्टीत टिकणारी हिरवी पॉलिस्टर टेप वापरतात. साधी कागदी टेप जळते. भोकात ७० मायक्रॉनचा थर बसला तरी व्यास सुमारे ०.१५ मिलिमीटरने घटतो आणि बुश दाबताना तो थर सालीसारखा निघून येतो.

उत्तर : कमानपाटा, भोसरी

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. पाटे, टॉर्शन बार आणि स्टॅबिलायझर बार यांच्याबद्दल वेगळे लिहिणे आवश्यक वाटते. स्प्रिंगच्या हीट ट्रीटमेंट विभागात मी बरीच वर्षे काढली आहेत, आणि हे भाग आर्मसारखे वागवले जातात तेव्हा मला फार वाईट वाटते.

लोकांची भीती अशी असते की भट्टीत स्प्रिंगचे पाणी उतरेल. पण स्प्रिंगचे पोलाद कडक केल्यानंतर साधारण ४०० अंशांच्या वर टेंपर केलेले असते, त्यामुळे २०० अंशांत २० मिनिटे ठेवल्याने त्याच्या कडकपणाला काही होत नाही. नव्या कॉइल स्प्रिंगही कारखान्यात कोटिंग करून याच सुमाराच्या तापमानात भाजल्या जातात. खरा धोका भट्टीच्या आधीच्या टप्प्यांत आहे. जुना रंग काढण्यासाठी काही जण भाग बर्न-ऑफ भट्टीत टाकतात, जिथे तापमान ३५० ते ४५० अंशांपर्यंत जाते. तिथे मात्र शॉट पीनिंगने (बारीक छर्रे मारून) पृष्ठभागावर मुद्दाम आणलेला दाबताण सैल होतो आणि स्प्रिंगचे आयुष्य घटते, तेही बाहेरून काहीच न दिसता.

दुसरा धोका अॅसिडचा आहे. पावडरपूर्वी भाग सात टाक्यांत बुडवून साफ करण्याच्या ‘सेव्हन टँक’ प्रक्रियेत गंज काढण्यासाठी एक टाकी हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक अॅसिडची असते. साध्या पत्र्याला तिचा त्रास नाही, पण स्प्रिंगसारख्या अतिशय कडक पोलादात अॅसिडमुळे निर्माण होणारा हायड्रोजन शिरतो आणि भाग ठिसूळ होतो. असा पाटा गाडीत बसवल्यावर लगेच तुटत नाही. काही तासांनी किंवा काही दिवसांनी, भार सोसत असताना, अचानक तुटतो. हायड्रोजन बाहेर काढायला १९० ते २२० अंशांत कित्येक तास भाजावे लागते, पावडरच्या १०-१५ मिनिटांत ते होत नाही. म्हणून पाटे आणि दोन्ही प्रकारचे बार अॅसिडच्या टाकीत घालू नयेत, हे चलनावर शब्दांत लिहून द्यावे. तोंडी सांगितलेले पाळी बदलली की विसरले जाते.

पाट्यांचे कोटिंग करायचेच असेल तर सेंटर बोल्ट सोडण्यापूर्वी संच शिकंजात घट्ट धरावा, मग एकेक पाटा सुटा करावा. पाटे एकमेकांवर जिथे घासतात तिथे पावडर टिकत नाही, भुगा होतो, आणि तो भुगा ओल धरून ठेवतो. त्या जागा झाकून नंतर ग्रॅफाइट ग्रीस लावणे अधिक चांगले. शिवाय मधल्या भागात, जिथे यू बोल्ट संपूर्ण संच आवळतात, तिथे पाच-सहा पाट्यांच्या दोन्ही बाजूंवर कोटिंग असेल तर एकूण जाडी पाऊण मिलिमीटरच्या घरात जाते. भाराखाली ती हळूहळू दबते, बोल्टचा ताण उतरतो आणि अॅक्सल पाट्यावर सरकू लागतो.

टॉर्शन बारबद्दल माझे स्पष्ट मत आहे की तो ब्लास्टिंगला देऊच नये. त्याचे सगळे बळ पृष्ठभागात असते. जाड ग्रिटने पडलेला एक खोल ओरखडा तिथे चीर सुरू करायला पुरतो. डावा आणि उजवा बार कारखान्यात आपापल्या दिशेने आधीच पिळून ठेवलेला असतो, म्हणून त्यांची अदलाबदल चालत नाही. टोकावरची खूण कोटिंगखाली गेली तर पुन्हा ओळखायला मार्ग राहत नाही. हाताने, नायलॉनच्या घासणीने साफ करून थंड, म्हणजे भट्टी न लागणारी, एपॉक्सी लावा.

खारी हवा, रत्नागिरी

दोघांचेही मनापासून आभार. एक शंका आहे. टॉर्शन बार उतरवण्यापूर्वी अँकरच्या (बारचे टोक धरणारा भाग) तुलनेत तो कुठे बसला होता याची खूण आमचे मेकॅनिक पंच मारून करणार आहेत. ते योग्य आहे का? आणि शॉकअपला थंड रंग कोणता व कसा द्यावा?

उत्तर : गॅरेज, म्हापसा

बारवर पंच मुळीच मारू देऊ नका. वर भोसरीच्या सरांनी ओरखड्याबद्दल लिहिले तेच पंचाच्या खळग्याला लागू आहे. पंच अँकरवर मारावा, बारवर रंगाची रेघ ओढावी आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. अॅडजस्टिंग बोल्ट सोडण्यापूर्वी त्याचे बाहेर राहिलेले आटे व्हर्नियरने मोजून दोन्ही बाजूंचे आकडे लिहून ठेवा. बारमध्ये प्रचंड ताण असतो, म्हणून चाके लोंबकळत असताना बोल्ट हळूहळू पूर्ण सैल करावा आणि त्या वेळी कोणाचेही तोंड अँकरच्या रेषेत नसावे.

गोव्यात आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांची स्थिती तुमच्यासारखीच असते, म्हणून शॉकअपला आम्ही काय करतो ते सांगतो. दांड्यावर आणि सीलच्या तोंडावर टेप गुंडाळायची, बुश झाकायचे, नळकांड्याचा मूळ रंग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने नुसता मंद करायचा, द्रावकाने पुसायचे, आणि मग हार्डनर घालून वापरायचा दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर व त्यावर दोन भागांचाच पीयू (पॉलियुरेथेन) रंग, दोन्ही पातळ थरांत मारायचे. वाळवण्यासाठी हॅलोजन दिवा वापरू नये, सावलीत दोन दिवस ठेवावे. एक भाग रंग आणि थिनर असलेला साधा एनॅमल इथे एक पावसाळाही टिकत नाही. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, म्हणून स्प्रे मारताना साधा कापडी मास्क पुरत नाही, कार्ट्रिजचा मास्क हवा.

जोडणीच्या वेळी बहुतेक जण एक चूक करतात. नवे रबरी बुश दाबल्यावर आर्मचे बोल्ट गाडी स्टँडवर असतानाच शेवटपर्यंत आवळतात. मग गाडी खाली येते तेव्हा रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते आणि काही महिन्यांत फाटते. बोल्ट हाताने बसवून, गाडी चाकांवर उतरवून, थोडी हलवून मग टॉर्क रेंचने आवळावेत. शॅकललाही हेच लागू आहे. यू बोल्ट जुने पुन्हा वापरू नयेत, आणि सुमारे ५०० किलोमीटरनंतर सगळ्यांचा टॉर्क पुन्हा पाहावा. बंद आर्मच्या आत कोटिंग पोहोचत नाही, म्हणून जोडणी झाल्यावर भोकांतून कॅव्हिटी वॅक्स मारावे. आधी मारलेत तर भट्टीत वितळून वाहून जाईल.

खारी हवा, रत्नागिरी

काम सुरू झाले म्हणून पुढची हकीकत लिहितो. बुश आणि बॉल जॉइंट काढून दोन्ही खालचे आर्म ब्लास्टिंगला दिले, आणि शिरोलीच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे पावडरपूर्वी डाय पेनिट्रंट करून घेतले. डाव्या आर्मच्या वेल्डिंगच्या कडेला, बुशच्या नळीला लागूनच, पांढऱ्या डेव्हलपरवर दीड इंचाची बारीक लाल रेघ उमटली. ब्लास्टिंगनंतर नुसत्या डोळ्याने मला तिथे स्वच्छ करडे लोखंडच दिसले होते. तो आर्म बाद करून नवा मागवला. नवा आर्म बुश आणि बॉल जॉइंट बसवूनच आला आहे, तेव्हा त्याला भट्टीत न पाठवता म्हापशाच्या पद्धतीने एपॉक्सी आणि पीयू देतो आहे. उजवा आर्म, वरचे दोन्ही आर्म आणि शॅकल उद्या भट्टीत जातील. पाटे सध्या सुटे करून ठेवले आहेत आणि चलनावर ‘अॅसिड नको, बर्न-ऑफ नको’ असे लाल पेनने लिहून दिले आहे.